काजू बोंडांच्या रसापासून डी-लॅक्टिक आम्ल: प्रकल्प नोंदी, फेब्रुवारी ते ऑगस्ट २०२५

१७ फेब्रुवारी २०२५

काजूची बी काढून घेतल्यावर बागेत कुजत पडणाऱ्या बोंडांच्या रसातील शर्करा जनुकीय बदल केलेल्या ई. कोलाय जिवाणूला पुरवून तिचे डी-लॅक्टिक आम्ल करणे, हा या प्रकल्पाचा हेतू आहे. प्रयोगशाळा सिंधुदुर्गातील एका महाविद्यालयाची आहे, फर्मेंटर (किण्वनाची टाकी) पाच लिटरचा आहे आणि निधी बेताचा आहे. त्यामुळे सर्वांत आधी ठरवायची गोष्ट म्हणजे कोणते रसायन करायचे, ही होती.

आजच्या बैठकीत तीन पर्यायांवर चर्चा झाली. पहिला पर्याय १,३-प्रोपेनडायॉलचा (कृत्रिम धाग्यांसाठी लागणाऱ्या रसायनाचा) होता. ड्यूपॉन्ट व टेट अँड लाइल यांनी २००६ साली अमेरिकेतील टेनेसी राज्यात लाउडन येथे मक्याच्या ग्लुकोजपासून ते करणारा कारखाना सुरू केला आणि बदललेल्या जिवाणूकडून मोठ्या प्रमाणावर रसायन करून घेता येते हे दाखवून दिले. परंतु त्या मार्गासाठी इतर जीवांची अनेक जनुके ई. कोलायमध्ये आणून बसवावी लागतात आणि किण्वनाला हवेचा सतत पुरवठा लागतो. दुसरा पर्याय सक्सिनिक आम्लाचा होता. कागदावर ते फार आकर्षक दिसते, कारण पेशी वाटेत कार्बन डायऑक्साइड उचलून घेत असल्यामुळे एक ग्रॅम ग्लुकोजपासून सिद्धांततः १.१२ ग्रॅमपर्यंत आम्ल मिळू शकते. मात्र कॅनडातील सार्निया येथे २०१५ मध्ये सुरू झालेला बायोअँबर कंपनीचा कारखाना २०१८ मध्येच दिवाळखोरीत गेला. तेथील जिवाने काम केले नाही असे नव्हे. खनिज तेलापासून होणाऱ्या स्वस्त रसायनांशी दराची स्पर्धा त्याला झेपली नाही.

तिसरा पर्याय लॅक्टिक आम्लाचा, आणि तोच स्वीकारला. ग्लुकोजच्या एका रेणूपासून लॅक्टिक आम्लाचे दोन रेणू होतात आणि वजनाचा हिशेब पूर्ण जुळतो: १८० ग्रॅम शर्करा, १८० ग्रॅम आम्ल. इथेनॉल करताना हीच १८० ग्रॅम शर्करा ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन जाते. आपल्याकडे शर्करा थोडी आणि हंगामी असल्यामुळे तिचा निम्मा भाग वायूच्या रूपाने गमावणारे उत्पादन निवडण्यात अर्थ नाही.

साधे एल-लॅक्टिक आम्ल जगभर प्रचंड प्रमाणावर होते आणि त्यात आपला टिकाव लागणार नाही. नेब्रास्कातील ब्लेअर येथील नेचरवर्क्सच्या कारखान्याची पॉलिलॅक्टिक आम्लाची (लॅक्टिक आम्लाच्या साखळ्यांपासून होणाऱ्या प्लास्टिकची) वार्षिक क्षमता दीड लाख टनांच्या घरात आहे आणि मक्यापासून साखर काढणारी गिरणी त्याच्या शेजारीच उभी आहे. एल-लॅक्टिक आम्लाचा आरशातील जुळा असलेले डी-रूप मात्र कमी प्रमाणात लागते आणि त्याला दर चांगला मिळतो, कारण एल व डी या दोन्ही साखळ्या एकत्र गुंफल्या की होणारे प्लास्टिक नेहमीच्या पॉलिलॅक्टिक आम्लापेक्षा सुमारे ५० अंश सेल्सिअस अधिक तापमानाला वितळते. शिवाय ई. कोलाय स्वभावतःच डी-रूप करतो, म्हणजे या उत्पादनासाठी त्याच्यात काही नवे बसवण्यापेक्षा नको असलेले काढून टाकणेच अधिक आहे.

२८ फेब्रुवारी २०२५

संस्थात्मक जैवसुरक्षा समितीपुढे प्रकल्प मांडला आणि मान्यता मिळाली. पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ चे नियम आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे यांच्या चौकटीत हे काम बसते, आणि मूळ जिवाणू जोखीमगट १ (सर्वांत कमी धोक्याचा गट) मधील असल्याने प्रयोगशाळेला विशेष बांधकामाची गरज नाही. समितीतील एका सदस्यांनी विचारलेला प्रश्न मात्र नोंदवून ठेवण्यासारखा आहे: सांडपाणी कोठे जाते? आमच्या इमारतीचा नाला पुढे खाडीला मिळतो आणि त्या खाडीत लोक तिसऱ्या व कालवे काढतात. त्यामुळे वापरलेला प्रत्येक द्रव १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करूनच सोडायचा, दर फेरीला निर्जंतुकीकरणाची दर्शक पट्टी जोडून ती नोंदवहीत चिकटवायची आणि प्रतिजैविकरोधक जनुक अंतिम स्ट्रेनमध्ये (जिवाणूच्या बदललेल्या वाणात) शिल्लक ठेवायचे नाही, असे ठरले.

मूळ जिवाणू म्हणून ई. कोलायच्या के-१२ ऐवजी डब्ल्यू ही जात घेतली. के-१२ ला सुक्रोज (उसाची साखर) पचत नाही, डब्ल्यूला पचते. बोंडांच्या रसात मुख्यतः ग्लुकोज व फ्रुक्टोज असल्यामुळे आज याने फरक पडत नाही. परंतु हंगाम सरल्यावर घाटावरून मळी आणून फर्मेंटर चालवायची वेळ आली, तर हीच जात उपयोगी पडेल.

११ मार्च २०२५

रस काढण्याआधी बोंडांच्या गोळा करण्याचाच प्रश्न मोठा आहे, हे पहिल्या आठवड्यातच स्पष्ट झाले. बागायतदाराला हवी असते बी, आणि बी पूर्ण पक्व झालेली असावी म्हणून तो बोंडू आपोआप गळून पडण्याची वाट पाहतो. गळालेला बोंडू जमिनीवर आपटून फुटतो, त्याला माती लागते आणि सालीवरचे रानटी यीस्ट लगेच कामाला लागते. सकाळी गोळा केलेल्या बोंडांच्या क्रेटला दुपारी चारच्या सुमारास दारूचा वास येऊ लागतो, म्हणजे ज्या शर्करेसाठी आपण धडपडतो ती तेवढ्या वेळात दुसराच कोणी खाऊ लागलेला असतो. गोव्यात हाच गुण फेणीच्या उपयोगी पडतो. आम्हाला तो आडवा येतो.

वेंगुर्ल्याच्या बाजूच्या एका बागायतदारांशी बोलणी झाली. ‘बियो आमच्यो, बोंडू तुमचे,’ एवढ्या शब्दांत त्यांनी सौदा पक्का केला, पण अट घातली की बोंडे उचलायला माणसे आमची असावीत, कारण त्यांच्या गड्यांना बी वेचण्यातून सवड नसते. त्यासाठी गावातील महिला बचत गटाशी क्रेटमागे मजुरी ठरवली. झाडाखाली जाळी अंथरून पडलेली बोंडे दिवसातून दोनदा उचलायची, बी तेथेच पिळून बागायतदारांच्या टोपलीत टाकायची आणि बोंडे सावलीत ठेवायची, अशी पद्धत बसवली आहे. शिमगा तोंडावर आला आहे. पालख्या फिरू लागल्यावर कोणी कामाला मिळणार नाही आणि ते अपेक्षितही नाही. त्या काळातील बोंडे सोडून द्यायची आहेत.

विखुरलेला कच्चा माल गोळा करण्याच्या अडचणीला जुना दाखला आहे. पहिल्या महायुद्धात स्फोटकांसाठी लागणारे ॲसिटोन जिवाणूंकडून करून घेण्याची खाईम वाइझमन यांची पद्धत ब्रिटनने वापरली, आणि धान्य वाचवावे म्हणून १९१७ साली शाळकरी मुलांकडून रानातली हॉर्स चेस्टनटची फळे गोळा करवली. मुलांनी ती उत्साहाने गोळा केली, पण वाहतूक अपुरी पडल्याने कित्येक रेल्वे स्थानकांवर त्यांचे ढीग कुजून गेले. आपली व्यवस्था क्रेटपासून फर्मेंटरपर्यंत एका दिवसात पोहोचणारी नसेल तर आपली गतही वेगळी होणार नाही.

२१ मार्च २०२५

रस काढण्याचे यंत्र पूर्णपणे स्टेनलेस स्टीलचे असले पाहिजे, यावर यंत्र पुरवणाऱ्याशी बराच वाद झाला. त्याच्या मते दांडा साध्या लोखंडाचा चालतो. बोंडातील टॅनिन (तुरट द्रव्य) लोखंडाला लागले की रस काळवंडतो आणि पुढे पेशीला हवे असलेले लोह टॅनिनमध्येच अडकून राहते, त्यामुळे आम्ही मान्य केले नाही.

टॅनिन काढण्यासाठी महागडी विकरे किंवा जिलेटिन न वापरता साबुदाण्याची खळ वापरली. एक लिटर रसाला साधारण पाच ग्रॅम साबुदाणा थोड्या पाण्यात शिजवून, गार करून, ढवळत ओतायचा आणि रात्रभर स्थिर ठेवायचे. रस ओतलेल्या काचेच्या उंच नळकांड्यात हे पाहण्यासारखे असते. पहिली काही मिनिटे काहीच घडत नाही, मग दुधाळ रसात बारीक कण दिसू लागतात, ते एकमेकांना चिकटून लोंबत्या तंतूंसारखे होतात आणि हळूहळू खाली बसतात. सकाळी वर फिकट पिवळा, आरपार दिसणारा रस आणि तळाशी दोन बोटे जाडीचा राखाडी गाळ असतो. वरच्या रसात फेरिक क्लोराइडचा थेंब टाकला असता काळसर निळा रंग जवळजवळ उठत नाही, मूळ रसात तो शाईसारखा गडद उठतो. तांदळाच्या पेजेनेही हे होते. आमच्या मदतनीस मावशींनी ते आधीच सांगितले होते आणि दोन्हींची तुलना केल्यावर पेज स्वस्त, साबुदाणा वेगवान, असा निष्कर्ष निघाला. उरलेला स्टार्च ई. कोलायला पचत नाही, तो गाळण्यात जातो किंवा तसाच राहतो, त्रास देत नाही.

निवळलेल्या रसाचे ब्रिक्स (विरघळलेल्या घटकांचे, मुख्यतः शर्करेचे, शेकडा प्रमाण) ११ आणि पीएच ४.३ भरले. एक टन बोंडांपासून साधारण ६०० लिटर रस आणि त्यात सुमारे ६० किलो शर्करा, हा हिशेब पुढील सर्व गणितांसाठी धरला आहे.

४ एप्रिल २०२५

स्ट्रेनचे काम रसाच्या कामाला समांतर चालू आहे आणि त्याविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण संपूर्ण प्रकल्पाची विश्वासार्हता या एका युक्तिवादावर उभी आहे.

हवा नसताना ई. कोलाय ग्लुकोज फोडून पायरुव्हेट करतो. त्यातून त्याला दोन एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) मिळतात, पण त्याच वेळी एनएडी या इलेक्ट्रॉनवाहकाचे दोन रेणू इलेक्ट्रॉन घेऊन एनएडीएच होऊन बसतात. ते पुन्हा रिकामे झाल्याशिवाय पुढील ग्लुकोज फोडता येत नाही, म्हणजे पेशीची उपासमार होते. ते रिकामे करण्यासाठी निसर्गाने तिला अनेक वाटा दिल्या आहेत: इथेनॉल, सक्सिनेट, लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचे क्षाररूप), शिवाय अॅसिटेट व फॉर्मेट यांत कार्बन वेगळाच वाहून जातो. आम्ही या वाटा एकामागून एक बंद केल्या. फॉर्मेटकडे नेणारे पीएफएलबी, सक्सिनेटकडे नेणारे एफआरडी, इथेनॉलकडे नेणारे एडीएचई आणि अॅसिटेटकडे नेणारे एसीकेए ही जनुके गुणसूत्रावरून काढली. आता पेशीपुढे एनएडी मोकळा करण्याचा एकच मोठा मार्ग उरतो, तो म्हणजे पायरुव्हेटचे डी-लॅक्टेट करणे. लॅक्टेट केले नाही तर वाढ नाही.

याचे महत्त्व असे की या स्ट्रेनला फितुरी करून फायदा नाही. बाहेरची जनुके बसवून परके रसायन करायला लावलेल्या पेशीला ते काम म्हणजे भार असतो. हजारो पिढ्यांच्या किण्वनात एखादी पेशी ते जनुक मोडून टाकते, जलद वाढते आणि टाकी व्यापते. येथे मात्र जी पेशी अधिक वेगाने लॅक्टेट करते तीच अधिक वेगाने वाढते. म्हणून निवडीचे काम आपण न करता नुसते दर दिवशी थोडे कल्चर ताज्या रसात टाकत गेलो, तरी स्ट्रेन सुधारत जातो. हा विचार आमचा नव्हे; फ्लोरिडा विद्यापीठातील लोनी इन्ग्रॅम यांच्या गटाने याच मार्गाने डी-लॅक्टेट व सक्सिनेट करणारे स्ट्रेन घडवले आहेत.

जनुके काढण्यासाठी डॅट्सेन्को व वॅनर यांची २००० साली प्रसिद्ध झालेली पद्धत वापरली. प्रत्येक जनुकाच्या जागी आधी प्रतिजैविकरोधक तुकडा बसतो, पीसीआरने (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढून) जागा तपासली जाते आणि मग दुसऱ्या विकराने तो तुकडा काढून टाकला जातो. आमच्या संशोधक विद्यार्थिनीने चारही जागांची जेल-चित्रे आज नोंदवहीत लावली. चौथ्या जनुकाने बराच वेळ घेतला, पण पट्ट्या अपेक्षित लांबीच्या आहेत आणि स्ट्रेन कॅनामायसिन या प्रतिजैविकाच्या ताटलीवर वाढत नाही, म्हणजे रोधक तुकडा निघून गेला आहे.

१९ एप्रिल २०२५

नव्या स्ट्रेनला रसात सरळ घातले असता वाढ फारच मंद आहे. शुद्ध ग्लुकोज व क्षार यांत तो बरा वाढतो, रसात अडखळतो. रोजच्या पुनर्लागवडीला सुरुवात केली.

३० एप्रिल २०२५

वाढ सुधारली, परंतु मोजमापाचा वेगळाच प्रश्न पुढे आला. एचपीएलसीवर (द्रवातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) फ्रुक्टोजचे शिखर किण्वन संपले तरी शून्यावर येत नव्हते आणि जिवाणू फ्रुक्टोज अर्धवट सोडतो, असा अर्थ सहज निघाला असता. तो काढण्याआधी दुसरा शोधक जोडून पाहिला. आम्ही वापरतो त्या आम्लयुक्त रेझिनच्या स्तंभात फ्रुक्टोज आणि मॅलिक आम्ल जवळजवळ एकाच वेळी बाहेर पडतात, आणि रसात मॅलिक आम्ल असतेच. अपवर्तनांक शोधकाला दोन्ही सारखेच दिसतात. २१० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात मात्र आम्ल दिसते आणि शर्करा जवळजवळ दिसत नाही. दोन्ही शोधकांची शिखरे शेजारी ठेवून मॅलिकचा वाटा वजा केल्यावर फ्रुक्टोज संपलेले असल्याचे कळले. यापुढे प्रत्येक नमुना दोन्ही शोधकांवर घ्यायचा.

फळरसावर काम करणाऱ्याने शुद्ध ग्लुकोजसाठी लिहिलेली विश्लेषण-पद्धत जशीच्या तशी उचलू नये. रसातील जीवनसत्त्व क सुद्धा हवा नसताना ई. कोलाय खातो, आणि बोंडात ते संत्र्याच्या कित्येक पट असते, त्यामुळे हिशेबात त्याचाही रकाना हवा.

शर्करेच्या ग्रॅममागे ०.८८ ग्रॅम लॅक्टेट मिळाले. उरलेला वाटा पेशींचे वजन आणि थोडे अॅसिटेट यांत जातो.

९ मे २०२५

बोंडांचा हंगाम आता उतरणीला लागला आहे. फर्मेंटर वर्षभर चालायचा असेल तर रस साठवावा लागेल, आणि ११ ब्रिक्सचा रस थंडीत साठवणे म्हणजे मुख्यतः पाणी साठवणे. आटवून ६५ ब्रिक्सच्या पुढे नेल्यास पाक टिकतो, म्हणून दोन प्रकारे आटवून पाहिले.

उघड्या कढईत लाकडाच्या विस्तवावर आटवलेला पाक दिसायला काकवीसारखा, लालसर काळा आणि चवीला खमंग झाला. बचत गटातील बायकांना तो आवडला आणि त्याला घरगुती बाजार मिळेल असे त्यांचे म्हणणे पडले, जे खरेही असेल. जिवाणूला मात्र तो आवडला नाही. आम्लधर्मी रसात फ्रुक्टोज तापवले की त्यातील पाणी निघून हायड्रॉक्सिमिथाइल फरफ्युरल तयार होते, आणि ते पेशींना विषारी असते. जिवाणू ते हळूहळू कमी विषारी अल्कोहोलमध्ये बदलतो, पण त्यासाठी वाढीला लागणारी ऊर्जा खर्च करतो आणि तोपर्यंत वाढ थांबून राहते. २८४ नॅनोमीटरला त्याचे शिखर कढईच्या पाकात ठळक दिसते. निर्वात बाष्पकात साठ अंशांच्या आत आटवलेल्या पाकात ते नगण्य आहे आणि त्यावर स्ट्रेनची वाढ ताज्या रसाइतकीच आहे.

याचा अर्थ सर्वांत महाग यंत्र फर्मेंटर नसून बाष्पक ठरणार आहे. निधी देणाऱ्यांना हे पटवणे सोपे नाही, कारण अर्जात जनुकांच्या कामाचे वर्णन वाचायला चांगले वाटते आणि पाणी उडवण्याचे वाटत नाही.

२७ मे २०२५

मोसमी पाऊस या वर्षी २४ मे रोजीच केरळात आला, दुसऱ्या दिवशी तळकोकणात आणि काल मुंबईत पोहोचला. त्याआधीच्या आठवड्यातील वळवाच्या पावसाने उरलीसुरली बोंडे लाल चिखलात गेली. या हंगामाचा रस संपला.

वादळी रात्री वीज गेली ती सकाळपर्यंत आली नाही, आणि त्या वेळी फर्मेंटरमध्ये पाकावरचे किण्वन चालू होते. बॅटरीवर ढवळणी मंद ठेवून आणि पीएच सांभाळणारा छोटा पंप चालू ठेवून रात्र निभावली. सकाळी नमुना पाहिला तर उतारा कमी नव्हता, फक्त तापमान घसरल्याने वेग मंदावला होता. हवेवर चालणाऱ्या किण्वनात ही रात्र अशी गेली नसती, कारण कॉम्प्रेसर बंद पडताच ऑक्सिजन मिनिटांत संपतो आणि पेशी भलतीच आम्ले करू लागतात. फेब्रुवारीत उत्पादन निवडताना हवाविरहित किण्वनाचा मुद्दा आम्ही खर्चाच्या दृष्टीने मांडला होता. येथील पावसाळ्याच्या दृष्टीने तो अधिक मोलाचा आहे. शिवाय अशा किण्वनात उष्णता कमी निर्माण होते, त्यामुळे टाकी मोठी झाली तरी थंड करणारे पाणी कमी लागेल.

१८ जून २०२५

लॅक्टिक आम्ल साचू लागले की पीएच घसरतो आणि ई. कोलाय थांबतो, म्हणून अल्कली घालत राहावे लागते. प्रयोगशाळेत आम्ही पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरतो, जे कारखान्याच्या प्रमाणावर परवडत नाही. उद्योगात चुना वापरतात: कॅल्शियम लॅक्टेट तयार होते, शेवटी त्यात गंधकाम्ल घालून लॅक्टिक आम्ल मोकळे करतात आणि कॅल्शियम जिप्समच्या रूपाने खाली बसतो. हिशेब सरळ आहे. एक किलो लॅक्टिक आम्लाला सुमारे ०.४१ किलो विरी गेलेला चुना लागतो आणि सुमारे ०.९६ किलो जिप्सम हातात येते. म्हणजे जवळजवळ आम्लाच्या वजनाइतका कचरा. कार्गिलने पीएच कमी असतानाही काम करणारे यीस्ट घडवण्यामागे हेच कारण होते.

किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करण्याची पद्धत जुनी आहे, म्हणून असा चुना मिळवून वापरून पाहिला. विरी नीट गेलेल्या (पाण्यात फुललेल्या) चुन्याचे दुधाळ पाणी पंपातून चालते, परंतु वाळूचे कण राहतात आणि झडप झिजवतात. दोनदा गाळल्याखेरीज तो वापरू नये. रासायनिक दृष्ट्या त्याने काही बिघडले नाही. कॅल्शियम लॅक्टेट गरम असताना विरघळलेले राहते आणि गार होताना पांढऱ्या दाण्यांच्या रूपाने बाहेर पडते, ही शुद्धीकरणाची पहिली पायरी फुकटात मिळते.

जिप्समचे काय करायचे, यावर शेतात टाकू, असे उत्तर सर्वांकडून येते. ते तपासल्याशिवाय मान्य करता येणार नाही. आपली जांभ्याची जमीन आम्लधर्मी आहे आणि आम्लता चुन्याने कमी होते, जिप्समने होत नाही. खाऱ्या पाण्याखाली जाणाऱ्या ज्या खार जमिनींत मातीच्या कणांना सोडियम धरून बसले आहे, तेथे जिप्सममधील कॅल्शियम त्याची जागा घेऊ शकतो. पण त्यासाठी त्या त्या जमिनीचा माती परीक्षण अहवाल आणि सोडियम वाहून नेण्याइतके गोडे पाणी हवे. जिप्सम देण्याआधी अहवाल मागायचा, असे ठरवले.

१४ जुलै २०२५

बाहेरून आलेल्या एका प्राध्यापकांनी रास्त प्रश्न विचारला: दह्यात आढळणारा लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस मुळातच डी-लॅक्टिक आम्ल करतो, मग जनुके काढण्याचा, परवान्यांचा आणि ऑटोक्लेव्हचा खटाटोप कशासाठी?

उत्तर दोन बाजूंचे आहे. लॅक्टोबॅसिलस आम्लात अधिक तग धरतो आणि त्याला कोणाच्या मान्यतेची गरज नाही. पण तो स्वतःची अमिनो आम्ले आणि ब-जीवनसत्त्वे पुरेशी करू शकत नाही, त्यामुळे त्याला यीस्ट एक्स्ट्रॅक्टसारखे महाग अन्न लागते, आणि तेच पुढे आम्ल शुद्ध करताना रंग व नायट्रोजनच्या रूपाने छळते. आमच्या स्ट्रेनला रसासोबत अमोनियम, फॉस्फेट आणि थोडे क्षार पुरतात. बोंडांचा रस एकट्याने लॅक्टोबॅसिलसला पुरत नाही, हे फ्लास्कमध्ये तपासले. वाढ सुरू होते आणि शर्करा बरीच शिल्लक असताना थांबते. खाद्य किंवा चर्मोद्योगासाठी आम्ल करायचे झाल्यास मी लॅक्टोबॅसिलसलाच पसंती देईन. प्लास्टिकसाठी मात्र शुद्धता निर्णायक आहे आणि तेथे बदललेला स्ट्रेन पुढे राहतो, असे माझे आजचे मत आहे.

२५ ऑगस्ट २०२५

प्रकाशीय शुद्धतेचा (डी व एल रूपांच्या प्रमाणाचा) अहवाल बाहेरच्या प्रयोगशाळेतून आला. आमच्या आम्लात एल-रूपाचा लहान पण दुर्लक्ष करता न येणारा वाटा आहे. त्याचा उगम माहीत असलेला आहे: शर्करा वेगाने आत येते तेव्हा पेशी काही कार्बन मिथाइलग्लायऑक्झल या विषारी संयुगाच्या आडवाटेने नेते आणि त्याची विल्हेवाट लावताना डी आणि एल अशी दोन्ही रूपे तयार होतात. हा मार्ग एमजीएसए या जनुकाने सुरू होतो. ते काढल्यास डी-रूप जवळजवळ निर्भेळ मिळते, असे प्रसिद्ध झालेले काम आहे. तेव्हा पाचवे जनुक काढणे हे पुढील काम ठरले आणि प्राइमर (त्यासाठी लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) मागवले. गणपतीच्या सुटीनंतर ते हाती येतील.

पुढील हंगामासाठी तीन गोष्टी आज निश्चित केल्या. बागायतदारांशी जानेवारीतच लेखी ठरवायचे, कारण बीचे व्यापारी फिरू लागल्यावर कोणाला बोंडांबद्दल बोलायला वेळ नसतो. निर्वात बाष्पकासाठी शेजारच्या काजू प्रक्रिया सहकारी संस्थेबरोबर भागीदारी करायची. हंगामाबाहेर ते कोकम आगळ व आमरस आटवण्यासाठी वापरतील. आणि वीस लिटरपुढचे किण्वन मोठ्या प्रमाणावरचे मानले जात असल्यामुळे जनुकीय फेरफार पुनरावलोकन समितीकडे करायच्या अर्जाचा मसुदा पाचव्या जनुकाचा निकाल येण्याआधीच तयार ठेवायचा, ज्यात सांडपाण्याचा भाग खाडीच्या नकाशासह सर्वांत आधी असेल.

साठवलेल्या पाकाचे कॅन तपासले. ब्रिक्स जागेवर आहे. एका कॅनच्या झाकणाखाली बुरशीची कड दिसली, त्यातला पाक वेगळा काढून ऑटोक्लेव्ह केला आणि उरलेल्या कॅनच्या तोंडाशी मेण लावले.